संकेतस्थळांचे बदलते वेष आणि मराठी अक्षर

आपल्या घरांतील लहानमोठीं सर्व माणसें आज दिवसांतून कितीतरी वेळां संगणकाच्या किंवा मोबाईलच्या पडद्यावर कांहीं ना कांहीं वाचीत असतात. आजोबा पंचांग पाहतात, सूनबाई एखादी पाककृति शोधते, मुलें परीक्षेचा निकाल पाहतात, आणि गांवीं शेतीचा वाटा असला तर कोणीतरी सातबाराचा उतारा घरबसल्या काढून घेतो. या पानांस संकेतस्थळ अथवा वेबसाइट म्हणतात, हें आतां शाळकरी पोरासही सांगावें लागत नाहीं. परंतु हें पान बनतें कसें, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्याचें रूप इतक्या वेळां कां पालटलें, आणि त्या पालटांत आपल्या मराठीचें काय झालें, याचा विचार घरोघर झालेला दिसत नाहीं. हा विषय यंत्रज्ञांचा, आपला त्याच्याशीं काय संबंध, अशी समजूत असावी. ती बरोबर नाहीं. आपल्या घराण्यांचे कुलवृत्तान्त, वडिलांच्या आठवणी, संस्थांच्या स्मरणिका या पालटांत सांपडल्या आहेत, आणि त्यांतील कित्येक आज वाचतां येईनाशा झाल्या आहेत.

आमच्या जिल्ह्यास (२०२४ सालीं त्याचें नांव अहमदनगराचें अहिल्यानगर झालें) पानाचीं रूपान्तरें नवीं नाहींत. नेवासें येथें शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, ज्ञानदेवांनीं गीतेवरील टीका सांगितली व सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली असें परंपरा सांगते. ज्या खांबाला टेकून ती सांगितली तो 'पैस' आजही तेथें दाखवितात. पुढें नकला करणाऱ्यांच्या हातून तिच्यांत अशुद्धें शिरलीं, तीं काढून एकनाथांनीं शके १५०६ मध्यें पोथी शुद्ध केली. छापील मराठी नियतकालिकाचा मानही आमच्या नगरास लवकरच मिळाला. 'ज्ञानोदय' पत्र अमेरिकन मिशनच्या मंडळींनीं १८४२ सालीं नगराहूनच सुरू केलें. बोरूचें पान गेलें, शिळाछाप आला, शिळाछापाच्या जागीं शिशाचे खिळे आले. प्रत्येक वेळीं पानाचें रूप बदललें. परंतु पोथींतील ओवी पाहून जुळाऱ्यानें खिळे जुळविले, तेव्हां ओवी तीच राहिली. कारण अक्षर ओळखणारा मनुष्य मध्यें उभा होता. संगणकाच्या पानाची गोष्ट येथेंच निराळी पडते.

आतां या पानाच्या जन्माकडे वळूं. जिनिव्हा शहराजवळ सर्न नांवाची पदार्थविज्ञानाची मोठी प्रयोगशाळा आहे. तेथें काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थानें १९८९ सालीं एक योजना मांडली. निरनिराळ्या ठिकाणच्या शास्त्रज्ञांचे कागद निरनिराळ्या संगणकांत पडून असत. ते एका धाग्यानें जोडावे, आणि एका कागदांतील शब्दावर खूण करतांच दुसरा कागद उघडावा, असा तिचा आशय. १९९१ सालीं ही सोय बाहेरच्या लोकांस खुली झाली व ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्ननें ती कोणतेंही मूल्य न घेतां सर्व जगास वापरूं दिली. या साऱ्या कथेंत मला हें दान सर्वांत मोठें वाटतें.

पानाची घडण मुळांत साधी आहे. लेखक हस्तलिखित छापखान्यांत देतांना समासांत 'हा मथळा', 'येथें नवा परिच्छेद', 'हें जाड टाइपांत' अशा खुणा करतो. एचटीएमएल नांवाची जी भाषा या पानांसाठीं योजली ती अशाच खुणांची आहे. त्या पाहून पान जुळविण्याचें काम वाचकाच्या यंत्रांतील ब्राउझर करतो. त्यास घरांतला जुळारी म्हणावें. सर्नचें तें आरंभींचें पान २०१३ सालीं पुन्हां मूळ पत्त्यावर ठेवण्यांत आलें. पांढऱ्या पाटीवर काळीं अक्षरें आणि मधूनमधून निळे दुवे, याहून त्यांत कांहीं नाहीं. परंतु आजच्या नव्याकोऱ्या मोबाईलवरही तें बिनतक्रार उघडतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

साध्या पानावर हौशी माणसाचें समाधान किती दिवस होणार? १९९३ सालीं मोझेक नांवाचा ब्राउझर निघाला, त्यांत मजकुराशेजारीं चित्र दिसूं लागलें, आणि हौसेला पूर आला. आपल्याकडे विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य ग्राहकांस इंटरनेट दिलें, तेव्हां हा पूर ऐन भरांत होता. त्या काळचीं पानें ज्यांनीं पाहिलीं असतील त्यांस आठवेल: पाठीमागें ताऱ्यांचें आकाश, पुढें पिवळीं अक्षरें, एक ओळ उघडझांप करते आहे, दुसरी उजवीकडून डावीकडे धांवते आहे, तळाशीं 'आपण अमुक हजारावे पाहुणे आहांत' असा आंकडा. नव्यानें पैसा झालेल्या घरांत दिवाणखान्याच्या प्रत्येक कोनाड्यांत कांहींतरी मांडलेलें असतें, तसा तो प्रकार होता. मला तो त्या वेळींही रुचला नाहीं. पण त्यांत एक भाबडा आनंद होता हें कबूल केलें पाहिजे. हल्लींच्या गुळगुळीत पानांत तो सांपडत नाहीं.

पान नीट बसविण्याची विद्या तेव्हां फारच ओबडधोबड होती. मजकूर एका बाजूस व चित्र दुसऱ्या बाजूस ठेवावयाचें तर अदृश्य रेघांचें कोष्टक आंखून त्याच्या घरांत सर्व कोंबावें लागे, आणि मोकळी जागा सोडण्यासाठीं डोळ्यांस न दिसणारीं ठिपक्याएवढीं पारदर्शक चित्रें घालावीं लागत. मथळ्यास मथळा म्हणण्याऐवजीं नुसतीं अक्षरें मोठीं करण्याची चाल पडली. अशानें मजकूर कोणता आणि नटवेपणा कोणता हें यंत्रास कळेनासें झालें.

यावरील उपाय हाकोन व्हियम ली या नॉर्वेच्या गृहस्थानें १९९४ सालीं सुचविला आणि १९९६ च्या डिसेंबरांत त्याचा पहिला नियमग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यास सीएसएस म्हणतात. मजकूर एका कागदावर आणि त्याचा पोशाख दुसऱ्या कागदावर, ही त्यांतील युक्ति. आपल्या देवळांत मूर्ति एकच असते. तिला नित्याचा पोशाख निराळा, उत्सवाचा निराळा, थंडींतला निराळा. पोशाख उतरविल्यानें मूर्तीस कांहीं होत नाहीं. हें तत्त्व मुळांत सोपें असूनही लोकांच्या गळीं उतरावयास सात-आठ वर्षें गेलीं. २००३ सालीं डेव्ह शे या कॅनडांतील आरेखकानें एकच मजकूर घेऊन जगांतील कारागिरांस त्यास निरनिराळे पोशाख चढविण्याचें आवाहन केलें. मजकुराचें अक्षरही न बदलतां तें पान कधीं जपानी बाग, तर कधीं जुनें वर्तमानपत्र असें भासूं लागलें. 'सीएसएस झेन गार्डन' या नांवानें तें प्रसिद्ध आहे.

फ्लॅशची हकीकत याच्या उलट आहे. १९९६ सालीं निघालेल्या या साधनानें पानांत हलतीं चित्रें, नाद आणि खेळ आणले. संकेतस्थळ उघडतांच एक छोटासा चलच्चित्रपट सुरू होई व वाचक तो टाळण्याचें बटण शोधीत बसे. दहा वर्षें त्याचें राज्य होतें. पण त्यांतील मजकूर चित्राच्या पोटांत कोंडलेला असे आणि उघडावयास एका कंपनीचें निराळें यंत्र लागे. ॲपलनें २००७ सालीं जो मोबाईल काढला त्यांत फ्लॅशला थारा दिला नाहीं, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजीं खुद्द ॲडोबीनें त्याचा आधार काढून घेतला. त्यांत बांधलेलीं हजारों पानें त्या दिवसापासून सामान्य वाचकास उघडत नाहींत. वर सांगितलेलें सर्नचें साधें पान मात्र उघडतें.

पुढचें थोडक्यांत सांगतां येईल. मोबाईल हातोहातीं गेल्यावर रुंद पान अरुंद पडद्यावर बसेना; तेव्हां पडद्याच्या मापाप्रमाणें पानानें आपली मांडणी आपणच बदलावी अशी पद्धति ईथन मार्कोट यानें २०१० सालीं मांडली. वहीच्या चित्रास कातड्याची शिवण आणि बटणांस कांचेची चकाकी देण्याची जी आवड होती, ती २०१३ च्या सुमारास ओसरून सपाट रंगांची आवड आली. आतांशा तर काय हवें तें साध्या शब्दांत सांगितलें कीं पान बांधून देणारीं यंत्रें निघालीं आहेत. आवडी येतात आणि जातात. त्यांबद्दल खेद करण्याचें कारण नाहीं. वाईट एवढेंच, कीं सपाट दिसणारीं हल्लींचीं कांहीं पानें आंतून इतकीं जड असतात कीं जेथें मोबाईलला लहर जेमतेम मिळते अशा खेड्यांत तीं निम्मीं उघडून थांबतात.

आतां मराठीकडे येऊं, कारण खरी गोम येथें आहे. इंग्रजी पानाचा पोशाख कितीही बदलला तरी आंतील ए म्हणजे ए, हें सर्व संगणकांस आरंभापासून ठरवून दिलेलें होतें. देवनागरीसाठीं असा करार व्यवहारांत नव्हता. मग आपल्याकडील कल्पक लोकांनीं युक्ति काढली. संगणकांत इंग्रजी अक्षरांच्या ज्या जागा होत्या, त्यांवर देवनागरीचे तुकडे बसविले: कोठें अर्धा म, कोठें काना, कोठें वेलांटी. संगणकास तें इंग्रजीच वाटे. फक्त डोळ्यांस मराठी दिसे. अशा टाइपाला फॉन्ट म्हणतात. प्रत्येक कारागिरानें आपापल्या फॉन्टांत तुकड्यांच्या जागा आपल्या सोयीनें ठरविल्या. त्यामुळें एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टांत उघडला कीं मंत्राऐवजीं नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. १९९६ च्या गणेश चतुर्थीस परदेशांतील मराठी मंडळींनीं 'मायबोली' हें संकेतस्थळ सुरू केलें, तेव्हांची अडचण हीच होती. मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरही 'प्रथम आमचा फॉन्ट उतरवून घ्या' अशी पाटी असे. पानाबरोबरच फॉन्ट पाठविण्याची सोय १९९७ च्या सुमारास निघाली. पण दोन मोठ्या ब्राउझरांच्या तऱ्हा दोन, म्हणून एकास दिसे तें दुसऱ्यास दिसेना.

वस्तुतः सर्वांसाठीं एक कोष्टक बनविण्याचे प्रयत्न आपल्या देशांत आधीच झाले होते. भारतीय लिपींसाठीं इस्की नांवाची संकेतपद्धति १९८८ सालीं ठरली व १९९१ सालीं ती भारतीय मानक झाली. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें तिचा प्रसार केला. १९९१ सालींच युनिकोडचा पहिला ग्रंथ निघाला. जगांतील सर्व लिपींच्या प्रत्येक अक्षरास एक कायमचा क्रमांक द्यावा ही त्याची प्रतिज्ञा. देवनागरीस त्यांत १२८ जागांचें दालन मिळालें आणि त्याची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली.

संस्कृत व्याकरण शिकलेल्या मनुष्यास हें कोष्टक पाहून खरोखर संतोष होतो. जुना फॉन्ट जुळाऱ्याच्या रीतीनें चाले: 'किती' लिहितांना वेलांटी आधीं, मग क, कारण डोळ्यांस ती आधीं दिसते. युनिकोडांत आधीं क, मग इकार. कारण उच्चार तसा आहे. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांस स्वतंत्र घरें नाहींत. 'क्ष' म्हणजे क, हलन्ताची खूण, आणि ष; 'ज्ञ' म्हणजे ज, हलन्ताची खूण, आणि ञ. मध्यें स्वर न येतां लागून आलेल्या व्यंजनांस पाणिनीनें संयोग म्हटलें, तोच हा संयोग. पंतोजी पाटीवर जें फोड करून दाखवीत, तेंच यंत्र पोटांत सांठवून ठेवतें, आणि तें कोणत्या वळणानें दाखवावयाचें एवढें काम फॉन्टाकडे उरतें. म्हणजे पुन्हां मूर्ति आणि पोशाख वेगळे झाले.

अर्थात् क्रमांक ठरले म्हणून अक्षर लगेच दिसत नाहीं. २००० सालच्या विंडोजमध्यें देवनागरी प्रथमच नीट चालूं लागली, आणि तींत जो 'मंगल' फॉन्ट होता तो प्रा. र. कृ. जोशी यांच्या हातचा. जाहिरातीच्या व्यवसायांत, मग मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें, व पुढें सरकारी संगणकसंस्थेंत त्यांनीं अक्षराचीच उपासना केली. २००८ सालीं ते वारले. आपण कार्यालयांत व बँकेंत वर्षानुवर्षें जें मराठी वाचलें तें बहुधा त्यांच्या वळणाचें, हें फार थोड्यांस ठाऊक आहे. १ मे २००३ रोजीं मराठी विकिपीडिया सुरू झाला, २००४ सालीं 'मनोगत' निघालें, आणि फॉन्ट उतरवून घेण्याची कटकट हळूहळू सुटली.

तरी कांहीं काटे राहिले. 'आचार्यांस' बोलाविणें आणि 'आचाऱ्यांस' बोलाविणें यांतील भेद आपल्या मंगलकार्यांत चांगलाच कळतो! हा जो आडवा अर्धा र, तो मराठीचा खास. हिंदीस त्याची गरज नाहीं. संगणकांत तो दोन निरनिराळ्या रीतींनीं लिहितां येतो, डोळ्यांस दोन्ही एकच दिसतात, पण एका रीतीनें लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीनें शोधूं गेल्यास सांपडत नाहीं अशी स्थिति अद्याप पुष्कळ ठिकाणीं आहे. 'ॲ' हें अक्षर आपण शाळेंत लिहीत आलों. युनिकोडच्या कोष्टकांत त्यास घर मिळालें तें २००८ सालीं. ल आणि श यांचीं मराठी वळणें हिंदीहून निराळीं. महाराष्ट्र शासनानें २००९ च्या नोव्हेंबरांत वर्णमालेविषयीं निर्णय काढून तीं नक्की केलीं, तरी पुष्कळ संकेतस्थळांवर अजून हिंदी वळणेंच दिसतात. वळणाचा हा दोष पोशाखाचा आहे, आज ना उद्यां सुधारेल. आडव्या र चा दोष मजकुराचा आहे, म्हणून तो अधिक जिव्हारीं लागतो.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त १९९८ सालीं एका छापखान्यांत संगणकावर जुळविला गेला. पुस्तकें छापलीं, वांटलीं. छापखान्यानें मजकुराची तबकडीही दिली, ती आम्हीं देवघराच्या कपाटांत जपून ठेवली. वीस-एकवीस वर्षांनीं नवीन पिढीचीं नांवें घालून तो वृत्तान्त संकेतस्थळावर ठेवावा असें ठरलें, तेव्हां पुतण्यानें तबकडी उघडली. आंत एकही मराठी शब्द नव्हता. छापखाना बंद पडला होता आणि तो फॉन्ट कोणता हें सांगणारें कोणी उरलें नव्हतें. तीन शाखांकडील छापील प्रती शोधल्या. दोन वाळवीनें खाल्ल्या होत्या, एक मात्र थोरल्या वहिनींच्या ट्रंकेंत निघाली. पुतण्यानें त्या प्रतीशीं ताडून कोणत्या खुणेखालीं कोणता तुकडा दडला आहे याची यादी केली व रूपान्तर करणारा एक छोटा कार्यक्रम लिहिला. शेंकडा नव्वद मजकूर सरळ आला. राहिलेल्या दहांत नेमकीं नांवें होतीं: त्र्यंबक, हृषीकेश, श्रीधर, कृष्णाबाई. जोडाक्षरें जितकीं जुनीं तितकीं तीं अधिक बिघडलेलीं. शकाचे आंकडेही उलटसुलट झाले होते. मग एका चातुर्मासांत रोज दुपारीं वहिनी छापील पुस्तक मोठ्यानें वाचीत आणि मी पडद्याकडे पाहून चुका सांगें. पुतण्या रात्रीं त्या दुरुस्त करी. एकनाथांचें काम केवढें असेल याची कल्पना त्या चार महिन्यांत आली. ती एक प्रत ट्रंकेंत नसती तर आमच्या शाखेच्या पांच पिढ्यांतील स्त्रियांचीं माहेरचीं नांवें कायमचीं गेलीं असतीं. तीं दुसऱ्या कोणत्याच कागदांत नाहींत.

ज्या ग्रंथांस असें भाग्य लाभलें त्यांची आजची स्थिति पाहण्यासारखी आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व १८५७ सालीं त्याची वाढविलेली आवृत्ति झाली. शिकागो विद्यापीठानें ती आवृत्ति अक्षरशः संगणकांत भरून सर्वांसाठीं खुली ठेवली आहे. शब्द लिहिला कीं अर्थ पुढें उभा राहतो. उलट, संकेतस्थळांवर जुन्या मराठी पुस्तकांचीं नुसतीं छायाचित्रें ठेवलेलीं पुष्कळ आढळतात. त्यांनीं ग्रंथ वांचला हें खरें, व त्याबद्दल त्या मंडळींचे उपकारच मानले पाहिजेत. पण त्यांत एक शब्द शोधावयाचा तर पानें उलटीत बसावें लागतें. फोटोवरून अक्षर ओळखणारीं यंत्रें आतां आलीं आहेत, त्यांची मराठी वाचण्याची शक्ति सुधारतेही आहे. तथापि फिकट शाई व जोडाक्षरें यांपुढें तीं अजून अडखळतात. हल्लीं प्रश्नांचीं उत्तरें देणारीं जीं यंत्रें निघालीं आहेत, तीं जें अक्षररूपानें वाचतां येतें त्यावरूनच मुख्यतः शिकतात. जुन्या फॉन्टांत अडकलेलें मराठी त्यांच्या लेखीं नाहींच.

तेव्हां ज्यांच्या घरीं कुलवृत्तान्त, स्मरणिका अथवा वडिलांचें लेखन संगणकांत असेल त्यांनीं या सुटींत तें एकदां उघडून पहावें. परीक्षा सोपी आहे. मजकुरांतील एक ओळ निवडून ती घरांतील कोणाच्याही मोबाईलवर संदेश म्हणून पाठवावी. तेथें ती मराठींत उमटली तर युनिकोड आहे असें समजावें. खिचडी उमटली तर जुना फॉन्ट आहे. छापील प्रत हाताशीं आहे तोंवर घरांतील एखाद्या जाणत्या मुलास रूपान्तराला बसवावें, आणि नांवें व शक मोठ्यानें वाचून ताडून पाहावे. ओळ निवडतांच येत नसेल तर तें पानाचें चित्र आहे. तें पुन्हां जुळवावें लागेल. नवें पुस्तक छापावयास देतांना मजकूर युनिकोडांत परत देण्याची अट छापखान्यास आरंभींच घालावी, व तो मजकूर दोन निरनिराळ्या घरीं ठेवावा. छापील प्रतींपैकीं एक चांगल्या कागदावर काढून घ्यावी, आणि तिच्या ट्रंकेंत कडुनिंबाचा पाला घालण्यास विसरूं नये.